रोजकीर्द, खतावणी आणि डेटाबेस

१/ रोजकीर्दीत व्यवहार क्रमाने उतरतो. खतावणीत खातेवार बाकी दिसते. डेटाबेसचा इतिहासही याच दोन वह्यांचा आहे.

२/ यंत्र मध्येच बंद पडले, तर अर्धवट व्यवहाराचे काय? यावर उपाय म्हणजे बदलाची नोंद आधी 'लॉग'मध्ये कायम करणे आणि मगच डिस्कवरील तक्ता बदलणे. १९९२ साली आयबीएमचे सी. मोहन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'एरीज' या शोधनिबंधात ही पद्धत सविस्तर मांडली. ही रोजकीर्द मुख्यतः अपघातानंतर सावरण्यासाठी होती.

३/ इतर यंत्रणांना बदल कळत, ते बहुधा रात्रीच्या एकगठ्ठा नकलेतून. हाती येई ती कालची बाकी.

४/ लिंक्डइनमध्ये घडलेली 'काफ्का' २०११ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. ॲमेझॉनने २०१३ मध्ये 'किनेसिस', तर २०१४ मध्ये 'लॅम्डा' जाहीर केली. २०१५ पासून 'डायनॅमोडीबी'तील बदलही प्रवाहरूपाने सर्वांना मिळू लागले. तक्त्यातील ओळ बदलताच लॅम्डातील प्रोग्रॅम आपोआप चालू लागला.

५/ मात्र या प्रवाहात नोंद २४ तासच टिकते. वाचणारा त्याहून मागे पडला, तर ती त्याला मुकली. बाकी उरते; ती कशी झाली, हे सांगणारी कीर्द वेगळी जपून ठेवावी लागते.