मुखपट्टीचा शंभर वर्षांचा हिशेब

साथ ओसरली की माणूस तिच्याविषयी बोलणे टाळतो. २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे आपण कशी काढली, किती जनाजे चार-पाच माणसांच्या खांद्यावर निघाले, हे आठवू नये असेच वाटते. पण त्या काळात उभा राहिलेला एक वाद अजून मिटलेला नाही. तोंडावर मास्क बांधल्याने साथ खरोखर आटोक्यात येते काय? एक बाजू म्हणते, मास्क नसता तर आणखी किती घरे ओस पडली असती कोण जाणे. दुसरी म्हणते, ते सारे थोतांड होते. दोघांच्याही हातात शास्त्राचे कागद आहेत आणि कोणी कोणाचे ऐकत नाही. अशा वेळी इतिहासाची पाने उलटणे बरे, असे आम्हांस वाटते. कारण हा प्रश्न नवा नाही. त्याला सव्वाशे वर्षे झाली आहेत.

१८९७ साली तेव्हाच्या जर्मनीतील ब्रेस्लाऊ शहरात कार्ल फ्ल्यूगे या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की माणूस नुसता बोलला तरी त्याच्या तोंडातून सूक्ष्म तुषार उडतात आणि त्यांत जंतू असतात. त्याच शहरातील शल्यविशारद योहान मिकुलिच यांनी त्याच वर्षी तोंडावर जाळीदार कापडाची पट्टी बांधून शस्त्रक्रिया सुरू केल्या. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ही पट्टी बांधणाऱ्याला वाचवण्यासाठी नव्हती. समोर निपचित पडलेल्या रोग्याच्या जखमेत डॉक्टरची थुंकी जाऊ नये, म्हणून ती होती. मुखपट्टीचा जन्म दुसऱ्यासाठी झाला.

नेमक्या त्याच सुमारास आपली मुंबई प्लेगने हैराण झाली होती. १८९६ साली मांडवी भागात सुरू झालेला प्लेग पुण्यापर्यंत पोहोचला. सरकारने घरे तपासली, सामान जाळले, माणसे उचलून नेली. बायकांची तपासणी, पर्दानशीन घरांत शिरणारे शिपाई, यांमुळे हिंदू-मुसलमान दोघेही संतापले. पुण्यात जून १८९७ मध्ये रँडवर गोळी झाडली गेली. मुंबईत ९ मार्च १८९८ रोजी एका आजारी मुलीला तपासण्यासाठी आलेल्या पथकाला जुलाहा मोमीन विणकरांनी विरोध केला आणि दंगल पेटली. या साथीत मुखपट्टीचा उपयोग झाला असता का? नाही. कारण तो गाठीचा प्लेग होता. त्याच १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या कराचीत प्रयोग करून दाखवले की हा प्लेग उंदरावरच्या पिसवांतून पसरतो. पिसू तोंडाने चावत असली तरी श्वासातून येत नाही. म्हणजे मुखपट्टी उपयोगी की निरुपयोगी, हे विचारण्याआधी रोग कोणत्या वाटेने येतो हे विचारावे लागते. ज्याची वाट श्वासाची, त्याच्यासाठीच ही पट्टी.

श्वासाच्या वाटेने येणारा प्लेग बारा वर्षांनी मांचुरियात आला. १९१० च्या हिवाळ्यात हार्बिन शहराजवळच्या फुजियादियान वस्तीत माणसे पटापट मरू लागली. तार्बागान नावाच्या प्राण्याच्या कातड्याला युरोपात भाव आला होता. त्याची शिकार करणारे गरीब मजूर थंडीत कोंदट सराईत दाटीवाटीने झोपत. एक खोकला की शेजारी आजारी, आणि आजारी पडला तो बहुधा वाचत नसे. चीनच्या सरकारने तिथे वू लिएन-तेह या एकतीस वर्षांच्या डॉक्टरला पाठवले. ते पेनांगमध्ये जन्मलेले, केंब्रिजमध्ये शिकलेले. त्यांनी एका मृत स्त्रीचे शवविच्छेदन करून ठरवले की हा फुप्फुसाचा प्लेग आहे, माणसाकडून माणसाकडे हवेतून जातो, यात उंदराचा संबंध नाही.

त्यांनी जाळीदार कापडाच्या घड्यांत कापूस घालून डोक्यामागे बांधायची साधी पट्टी तयार करवली आणि ती डॉक्टर, शिपाई, प्रेत उचलणारे, सर्वांना बांधायला लावली. हे म्हणणे अनुभवी फ्रेंच डॉक्टर मेस्नी यांना पटले नाही. एका तरुण चिनी डॉक्टरने आपल्याला शिकवावे, हे तर मुळीच पटले नाही. ते पट्टी न बांधता प्लेगच्या रोग्यांना तपासायला गेले आणि काही दिवसांतच, जानेवारी १९११ मध्ये, त्याच रोगाने गेले. त्यानंतर हार्बिनच्या रस्त्यावर पट्टी बांधा असे कोणाला सांगावे लागले नाही.

ही गोष्ट मुखपट्टीच्या बाजूने नेहमी सांगितली जाते. पण ती अर्धी सांगितली जाते. वू लिएन-तेह यांनी रेल्वेचे रिकामे डबे ताब्यात घेऊन संशयितांना वेगळे ठेवले. शहराचे भाग पाडून ये-जा थांबवली. गोठलेल्या जमिनीत पुरता न आलेली दोन हजारांवर प्रेते बादशाही परवानगी काढून जाळली. १ मार्च १९११ रोजी फुजियादियानमध्ये शेवटचा रोगी नोंदला गेला. साऱ्या मांचुरियात साठ हजारांच्या आसपास माणसे गेली होती. या यशात पट्टीचा वाटा किती आणि विलगीकरणाचा किती, हे वेगळे काढता येत नाही. पट्टी एकटी लढली नव्हती, एवढे मात्र नक्की.

ती एकटी लढली तर काय होते, हे १९१८ ने दाखवले. त्या वर्षीच्या जूनमध्ये इन्फ्लुएन्झा मुंबईच्या गोदीत उतरला. सप्टेंबर-ऑक्टोबरची दुसरी लाट भयंकर होती. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. हिंदुस्थानात एकूण एक कोटीहून अधिक माणसे दगावली. इथे मुखपट्टीची चर्चाच झाली नाही म्हटले तरी चालेल. पोटात अन्न नव्हते, अंगावर कापड नव्हते, तिथे तोंडावर कोठून येणार?

अमेरिकेत मात्र ती झाली. सान फ्रान्सिस्को शहराने ऑक्टोबर १९१८ मध्ये मास्क सक्तीचा केला. न बांधणाऱ्यांना दंड, प्रसंगी कोठडी. नोव्हेंबरमध्ये सक्ती उठली तेव्हा लोकांनी रस्त्यावर मास्क फेकले. जानेवारी १९१९ मध्ये पुन्हा सक्ती आली तेव्हा लोक चिडले. मास्कविरोधी संघ स्थापन झाला, सभा झाल्या, आणि १ फेब्रुवारीला सक्ती कायमची गेली. कॅलिफोर्नियाच्या आरोग्य खात्यातील डॉ. केलॉग यांनी पुढे प्रयोग करून १९२० साली निष्कर्ष छापला. जाळीचे कापड पातळ ठेवले तर तुषार आरपार जातात. जंतू अडतील इतक्या घड्या घातल्या तर श्वास कोंडतो आणि हवा कडेच्या फटीतून आत-बाहेर करते. शिवाय मास्क सक्तीच्या आणि बिनसक्तीच्या शहरांत मृत्यूंचा आलेख फारसा वेगळा दिसला नाही. सक्तीचे समर्थन होऊ शकत नाही, असे त्यांचे मत झाले.

म्हणजे १९११ ने 'हो' म्हटले आणि १९२० ने 'नाही'. आम्हांस मात्र या दोन उत्तरांत विरोध दिसत नाही. हार्बिनमध्ये कापूस भरलेली पट्टी घट्ट बांधून रोग्याच्या उशाशी उभे राहणारी माणसे होती. सान फ्रान्सिस्कोत दंड चुकवण्यासाठी गळ्यात लोंबणारी जाळी होती. दोन्हींना नाव एक दिले, म्हणून वस्तू एक होत नाही.

शंभर वर्षांनी कोरोना आला. सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेने निरोगी सामान्य माणसाला मास्कची गरज नाही असे सांगितले. ५ जून २०२० रोजी तिने सल्ला बदलला. मुंबई महापालिकेने त्याआधीच, ८ एप्रिलला, मास्क सक्तीचा केला होता. सल्ला बदलणे हा शास्त्राचा स्वभाव आहे, पण लोकांना त्यात लबाडी दिसली. मास्क बांधणाऱ्याला स्वतःला कितपत वाचवतो, हे पाहण्यासाठी डेन्मार्कमध्ये २०२० साली सुमारे सहा हजार माणसांवर प्रयोग झाला. मास्कचा सल्ला दिलेल्या गटात १.८ टक्के लोकांना लागण झाली, दुसऱ्यात २.१ टक्के. हा फरक योगायोगाचाही असू शकतो इतका लहान होता. पण आपला मास्क शेजाऱ्याला वाचवतो का, हे त्या प्रयोगात विचारलेच नव्हते.

तो प्रश्न विचारला गेला बांगलादेशात. नोव्हेंबर २०२० ते एप्रिल २०२१ या काळात, येल विद्यापीठातील मुश्फिक मोबारक आणि जेसन अबालक व त्यांच्या सहकाऱ्यांनी सहाशे गावे निवडली. निम्म्या गावांत मास्क फुकट वाटले, ते का बांधावेत हे समजावले, बाजारात आणि मशिदीपाशी माणसे उभी करून प्रेमाने आठवण दिली. गावातल्या इमामांनी जुम्याच्या नमाजला मास्कविषयी सांगितले. बाकीच्या गावांत यातले काही केले नाही. अभ्यासात तीन लाख चाळीस हजारांहून अधिक प्रौढ माणसे होती.

मास्क बांधणाऱ्यांचे प्रमाण १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेले. सर्वांत मोठी वाढ झाली ती मशिदीत. लक्षणे दिसून रक्ततपासणीत सिद्ध झालेला कोरोना एकूण सुमारे ९ टक्क्यांनी कमी झाला. दवाखान्यातला निळा सर्जिकल मास्क वाटलेल्या गावांत ही घट ११ टक्के होती आणि तिथे साठी ओलांडलेल्यांमध्ये सुमारे ३५ टक्के. कापडी मास्कचा फायदा मात्र स्पष्ट दिसला नाही. केलॉग यांची जाळी पुन्हा आठवावी.

या अभ्यासावर आक्षेपही आले. कोणत्या गावात मास्क वाटले जातात हे कार्यकर्त्यांना ठाऊक होते, त्यामुळे दोन्हीकडच्या नोंदणीत फरक पडला, असे काही संख्याशास्त्रज्ञांनी दाखवले. २०२३ साली कोक्रेन या संस्थेने अनेक प्रयोग एकत्र तपासून म्हटले की मास्कचा प्रसार केल्याने फारसा फरक पडल्याचे दिसत नाही. त्यावर 'मास्क निरुपयोगी ठरला' अशा बातम्या आल्या, तेव्हा संस्थेच्या मुख्य संपादकांना खुलासा करावा लागला की असा अर्थ काढणे चूक आहे. तपासला होता तो लोकांना मास्क बांधायला सांगण्याचा परिणाम. औषध लिहून दिले आणि रोग्याने घेतले नाही, तर दोष औषधाचा की न घेण्याचा, हा फरक इथे आहे.

मग आमचा हिशेब काय निघतो? चांगला मास्क नीट बांधला तर श्वासातून पसरणारी साथ मंदावते. ती थांबत नाही. बंद, गर्दीच्या जागी आणि म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत त्याचा उपयोग अधिक. पातळ फडके, खिशातला रुमाल, खालून मोकळा असलेला नकाब किंवा ओढणी यांना मास्क समजू नये. पर्दा हा ज्याच्या-त्याच्या श्रद्धेचा विषय आहे, पण विषाणू नियत पाहत नाही, कापडाची वीण पाहतो. तसेच उलटही. फ्रान्सने २०१० साली सार्वजनिक जागी चेहरा झाकण्यास बंदी करणारा कायदा केला आणि मे २०२० मध्ये त्याच देशाने बस-रेल्वेत चेहरा झाकणे सक्तीचे केले. झाकलेल्या चेहऱ्याशी माणसाचे नाते बिघडते, हा युक्तिवाद त्या दिवसांत फारसा ऐकू आला नाही.

आपल्या समाजापुरती एक गोष्ट विशेष सांगावीशी वाटते. बांगलादेशात मोबाइलवरचे संदेश, बक्षिसे, लेखी वचने, यांनी मास्कचा वापर आणखी वाढला नाही. वाढला तो हातात मास्क मिळाल्याने आणि ओळखीच्या, मानाच्या माणसाने समोर उभे राहून सांगितल्याने. १८९८ च्या मुंबईत शिपाई घरात शिरला आणि दंगल झाली. २०२० च्या बांगलादेशात इमाम बोलले आणि मशिदीतली माणसे ऐकू लागली. नमाजमध्ये तोंड झाकणे एरवी मकरूह मानले जाते, तरी साथीच्या काळात गरज म्हणून बहुसंख्य उलेमांनी त्यास परवानगी दिली. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) शिंक आली की हाताने किंवा कपड्याने तोंड झाकत, हे हदीसमध्ये नोंदलेलेच आहे. शेजाऱ्याची काळजी ही आपल्याकडे बाहेरून आलेली गोष्ट नाही.

साथ पुन्हा येईल. केव्हा, कोणती, हे अल्लाहलाच ठाऊक. ती श्वासाच्या वाटेने आली, तर मोहल्ल्यातल्या मशिदीच्या दारात चांगल्या मास्कची पेटी ठेवणे, पहिल्या सफमध्ये बसणाऱ्या बुजुर्गांना आधी देणे, आणि खुतब्यात दोन वाक्ये त्यावर बोलणे, एवढे तरी आपल्या हातात आहे. सरकारच्या दंडाची वाट पाहून बांधलेली पट्टी गळ्यातच राहते. बाजूच्या माणसासाठी बांधलेली पट्टी तोंडावर राहते.