टंकयंत्राची बाराखडी

आमच्या मुळशी तालुक्याचे नाव पूर्वी निघे ते सेनापती बापटांच्या १९२१ च्या सत्याग्रहामुळे, नाहीतर आंबेमोहोर तांदळामुळे. आता ते निघते हिंजवडीमुळे. तेथे हजारो तरुण मंडळी संगणकापुढे बसतात, आणि त्यांची बोटे ज्या कळपाटीवर नाचतात तिची पहिली ओळ 'क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी, वाय' अशी सुरू होते. ए-बी-सी-डी घोकून शहाण्या झालेल्या माणसांनी हा अनागोंदी क्रम का पत्करला, याचे मला पुष्कळ दिवस कुतूहल होते.

मूळ शोधू गेले की आपण अमेरिकेतील मिलवॉकी गावी पोहोचतो. तेथल्या ख्रिस्तोफर लॅथम शोल्स या वृत्तपत्रवाल्याने दोघा भागीदारांसह १८६८ साली टंकयंत्राचे पेटंट घेतले. त्या पहिल्या यंत्राच्या कळा पियानोसारख्या होत्या! पुढे १८७३ साली बंदुका व शिवणयंत्रे बनविणाऱ्या रेमिंग्टन कंपनीने ते हाती घेतले, आणि पुढच्याच वर्षी ते बाजारात आले. मधल्या ओळीत डी, एफ, जी, एच, जे, के, एल ही अक्षरे आजही जवळजवळ क्रमाने बसलेली आहेत; जुन्या वर्णक्रमाची ती उरलीसुरली खूण.

बाकीची अक्षरे विस्कटली का? नेहमी सांगतात ते असे की, वारंवार जोडीने येणारी अक्षरे शेजारी असली तर त्यांचे दांडे एकमेकांत अडकत, म्हणून त्यांना दूर केले. पण 'ई' आणि 'आर' ही इंग्रजीतील अगदी नेहमीची जोडी तर शेजारीशेजारीच नांदते आहे! जपानमधील संशोधकांनी वेगळे मत मांडले आहे: तारायंत्रावर काम करणाऱ्यांच्या सोयीसाठी अक्षरे हळूहळू हलत गेली. मला हेच अधिक पटते. गिऱ्हाइकाच्या तक्रारी ऐकत ऐकत घडलेली वस्तू अशीच वेडीवाकडी असायची.

इंग्रजीचे सव्वीस अक्षरांत भागले. आमच्या देवनागरीचे काय? स्वर, व्यंजने, काना-मात्रा, वर जोडाक्षरे; आणि कळा चाळीस-पंचेचाळीस. मग थ, ध, भ यांची अर्धी रूपेच कळीवर घालायची आणि काना मारून ती पूर्ण करायची, अशी तडजोड झाली. पहिली वेलांटी बोलताना मागून येते, पण यंत्रावर ती आधी मारावी लागे. सावरकरांनी लिपिशुद्धीसाठी 'अ'ची बाराखडी पुरस्कारिली, तीही छपाई व टंकन सुलभ व्हावे म्हणूनच. साताऱ्यात जन्मलेल्या काका कालेलकरांच्या अध्यक्षतेखाली १९४८ साली टंकयंत्राच्या प्रमाणीकरणासाठी समिती बसली. १९५५ साली गोदरेजचे स्वदेशी टंकयंत्र आले. १९६४ च्या कायद्याने मराठी राजभाषा झाली, आणि मराठी टंकलेखन ही पोटापाण्याची विद्या ठरली. किती घरांतल्या पहिल्या कमावत्या मुलीने त्या खडखडाटावर धाकट्या भावंडांची शिक्षणे केली, याची गणती कुणी ठेवली नाही.

गंमत अशी की, खरोखर शास्त्रशुद्ध कळपाटी आपल्याकडे आली ती उशिरा. १९८६ साली 'इनस्क्रिप्ट' तयार झाली. १९९१ च्या भारतीय मानकात तिला स्थान मिळाले. पुण्याच्या सी-डॅकने तिचा प्रसार केला. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. क आणि ख एकाच कळीवर. त्यांच्या वरच्या ओळीत ग आणि घ. त-थ, द-ध, प-फ, ब-भ यांचीही तीच तऱ्हा. प्राचीन वैयाकरणांनी लावलेली वर्गांची व्यवस्था बोटांखाली आली. शोल्सला असली वर्णमाला मिळाली असती तर!

गोदरेजने २००९ साली टंकयंत्रे बनविणे थांबविले. हिंजवडीत नोकरी करणारी माझी भाची मला भ्रमणध्वनीवर शुद्ध मराठीत पत्र पाठवते. मी जवळ बसून एकदा पाहिले: 'आई' लिहिताना तिने दोनदा 'ए' आणि एकदा 'आय' दाबला. अक्षरे उमटली ती मात्र देवनागरीत.