कोपराचे हाड आणि आवळलेली गाठ

मी वैद्य नव्हे. भाषेचा अभ्यासक आहे. तरीही शाळेच्या या व्यासपीठावरून मुलांच्या कोपराच्या अस्थिभंगाविषयी बोलणार आहे; कारण या उपचाराचा इतिहास एका शब्दात गुंतलेला आहे. आपल्या आदिलाबादेत मराठी माणूस हाडवैद्याकडून ‘हाड बांधून घेतो’. तेलुगू शेजारी त्याच बंधनाला ‘कट्टु’ म्हणतो. दोन्ही भाषांत उपचार ओळखला जातो तो बांधण्यावरून. मग गाठ जितकी घट्ट तितके हाड पक्के, ही समजूत रुजली तर नवल नाही.

सुश्रुतसंहिता मात्र सावध आहे. बंध सैल राहिला तर सांधा स्थिर होत नाही. अति आवळला तर सूज, वेदना व पाक होतो, असे चिकित्सास्थानाच्या तिसऱ्या अध्यायात सांगितले आहे. थंडीत सात व उन्हाळ्यात तीन दिवसांनी बंध सोडून पुन्हा बांधावा, हेही तेथेच आहे.

हाच धोका १८८१ मध्ये जर्मन शल्यविशारद रिचर्ड फोन फोल्कमान यांनी उलगडला. घट्ट पट्टीखाली रक्तपुरवठा तुटतो, स्नायू मरतात आणि बोटे कायमची आखडतात. मूल पसरलेल्या हातावर पडले की दंडाचे हाड बहुधा कोपराच्या जरा वर मोडते. हाताची मुख्य रोहिणी तेथूनच जाते. सूज व आवळपट्टी एकत्र आली की काही तासांतच हात गमावण्याची वेळ येते.

१८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला. पण लहान मुलाच्या कोपराचा बराच भाग कूर्चेचा असल्याने छायाचित्रात दिसत नाही. म्हणून शंका असल्यास दुसऱ्या कोपराशी तुलना करतात. १९५९ मध्ये गार्टलंड यांनी या भंगाचे तीन प्रकार केले. हाड सरकले नसेल तर प्लास्टर पुरते. पुरते सरकले असेल तर भूल देऊन ते बसवतात आणि त्वचेतून बारीक तारा घालून स्थिर करतात.

आदिलाबादेत २००८ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. रुग्णालयाचे अंतर घटले. गाठीवरील श्रद्धेचे अंतर आपणच घटवायचे आहे. शिक्षकबंधू-भगिनींनो, मूल पडले तर हात चोळू वा ओढू नका. आहे त्या स्थितीत हलका आधार द्या. मनगटाची नाडी व बोटांचा रंग पाहा. बोटे सरळ करताना असह्य कळ आली, तर बंध त्वरित सैल करून मुलाला रुग्णालयात न्या. सुश्रुताचा खरा वारसा गाठ मारण्याइतकाच ती वेळेवर सोडण्यात आहे.