निदान सांगण्याची रीत



वैद्यकाच्या इतिहासात रोगांच्या, औषधांच्या आणि उपकरणांच्या शोधांना मोठमोठी प्रकरणे मिळाली आहेत. परंतु निदान झाल्यावर ते मायबापांना कसे सांगावे, या गोष्टीलाही एक इतिहास आहे आणि तो क्वचितच कोणी लिहितो. आज मी त्यातले एकच प्रकरण आपल्यापुढे मांडणार आहे. ते आहे डाउन सिंड्रोम या जन्मजात अवस्थेसंबंधी.

हा विषय आम्हा वडाळेकरांना दूरचा नाही. शेजारी परळला नवरोसजी वाडिया प्रसूतिगृह आणि के. ई. एम. रुग्णालय ही १९२६ साली सुरू झाली; मुलांसाठी बाई जेरबाई वाडिया रुग्णालय १९२९ साली उघडले. या टापूत तेव्हापासून किती मुले जन्मली असतील याची गणती करणे कठीण. मुंबई, दिल्ली आणि बडोदे येथे नवजात अर्भकांची जी मोठी पाहणी झाली, तीत सुमारे साडेअकराशे जन्मांमागे एक मूल या अवस्थेचे आढळले. म्हणजे या रुग्णालयांच्या व्हरांड्यांत ही वार्ता शेकडो वेळा सांगितली गेली असली पाहिजे. ती कोणत्या शब्दांत सांगितली गेली असेल?

त्या शब्दांचे मूळ शोधू गेल्यास १८६६ सालापर्यंत मागे जावे लागते. इंग्लंडातील अर्ल्सवुड येथील आश्रमाचे वैद्य जॉन लॅंग्डन डाउन यांनी त्या वर्षी या मुलांचे प्रथम नेटके वर्णन केले. त्यांचे निरीक्षण सूक्ष्म होते आणि शिक्षणाने ही मुले सुधारतात हेही त्यांनी नमूद केले. परंतु चेहऱ्याच्या ठेवणीवरून त्यांनी या मुलांना 'मंगोल' म्हटले आणि एका सबंध मानववंशाचे नाव या मुलांच्या माथी बसले. पुढे जवळजवळ शंभर वर्षे डॉक्टरांच्या तोंडी तोच शब्द होता. १९६१ साली काही तज्ज्ञांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात पत्र लिहून तो टाकण्याची सूचना केली. १९६५ साली मंगोलियाच्या विनंतीवरून जागतिक आरोग्य संघटनेने तो सोडला.

नावाइतकीच वाईट गोष्ट भविष्यवाणीची. १९२९ च्या सुमारास अशा मुलाचे सरासरी आयुष्य नऊ वर्षांचे धरले जाई, १९४९ च्या सुमारास बारा वर्षांचे. तेव्हा "हे मूल फार जगणार नाही, फार शिकणार नाही, याला एखाद्या आश्रमात ठेवा" असे सांगणारा डॉक्टर निर्दय होता असे म्हणता येणार नाही. त्याच्याजवळ सांगण्यासारखे दुसरे काही नव्हते.

अशा काळात, १९४४ साली, याच मुंबईत जय वकील आणि त्यांचे पती यांनी आपल्या दीना या मुलीसाठी राहत्या घरातच लहानशी शाळा काढली. दीनाला डाउन सिंड्रोम होता. आज शिवडीच्या टेकडीवर, वडाळ्याहून एका स्टेशनाच्या अंतरावर, जय वकील यांच्या नावाने जी संस्था उभी आहे, तिचा उगम त्या घरात आहे. मला या घटनेचे महत्त्व असे वाटते की, तिने डॉक्टरांच्या वाक्याला पुढचा अर्धा भाग दिला. 'आपले मूल असे आहे' एवढेच सांगून थांबण्याचे कारण उरले नाही. 'आणि त्याला शिकविणारे लोक अमुक ठिकाणी आहेत' हेही सांगता येऊ लागले.

त्यानंतर पंधरा वर्षांनी कारणाचा उलगडा झाला. १९५९ साली पॅरिस येथे जेरोम लेज्यून, मार्थ गोतिए आणि रेमों त्युर्पँ यांनी दाखविले की, या मुलांच्या पेशींत छेचाळीसऐवजी सत्तेचाळीस गुणसूत्रे असतात. एकविसावे गुणसूत्र दोनदा न येता तीनदा येते. शंभरांतील सुमारे पंचाण्णव मुलांत पेशीविभाजनाच्या वेळी झालेली ही निव्वळ आकस्मिक घटना असते. थोड्या मुलांत गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्याला जोडलेला असतो, आणि तो क्वचित आईकडून वा बापाकडून आलेला असू शकतो. आईच्या वयाबरोबर संभव वाढतो हे खरे. पंचविशीत सुमारे साडेबाराशेंत एक, तर चाळिशीत सुमारे शंभरांत एक. परंतु बहुतेक बाळंतपणे तरुण स्त्रियांचीच होत असल्यामुळे अशी बहुतेक मुलेही तरुण मातांच्याच पोटी येतात. ग्रहणात भाजी चिरली, डोहाळे पुरविले नाहीत, पूर्वजन्मीचे पाप भोवले, असले आरोप आपल्याकडे सुनेवर किती सहज होतात हे मी सांगावयास नको. शास्त्राने तिला निर्दोष ठरविले. तो निकाल घरातील सर्वांसमक्ष मोठ्याने वाचून दाखविणे हे डॉक्टरांचे काम आहे.

आता सांगण्याच्या रीतीकडे वळू. ही वार्ता कशीही सांगितली तरी मायबाप नाराजच होणार, अशी वैद्यांची जुनी समजूत होती. इंग्लंडात क्लिफ कनिंगहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती पारखून पाहिली आणि १९८४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. मातापित्यांना एकत्र बसवून, एकांतात, शक्य तितक्या लवकर, बाळ जवळ असताना, वरिष्ठ बालवैद्याने सांगावे आणि पुन्हा भेटावे, अशी रीत जेथे पाळली गेली, तेथील मायबाप सांगण्याच्या पद्धतीबद्दल समाधानी आढळले. अमेरिकेतील ब्रायन स्कॉटको यांनी २००५ साली मातांचे अनुभव गोळा केले, आणि २००९ साली त्यांनी व सहकाऱ्यांनी सर्व पुरावा एकत्र मांडला. त्यांचेही म्हणणे तेच: आधी बाळाच्या जन्माबद्दल अभिनंदन करा, कीव करू नका, माहिती आजची द्या.

आपल्याकडे या रीतीला एक अडचण येते. पहिलटकरीण माहेरी असते आणि नवरा परगावी. मग वार्ता प्रथम मामाच्या किंवा सासऱ्याच्या कानी जाते, आणि आईला ती सर्वांच्या मागून, इतरांच्या चेहऱ्यांवरून कळते. नवरा दुसऱ्या दिवशी येणार असेल तर एक दिवस थांबावे. पण ज्यांचे मूल, त्यांच्या आधी इतरांना सांगू नये.

हल्ली ही वार्ता जन्मापूर्वीही येते. गर्भाच्या डीएनएचे अंश आईच्या रक्तात सापडतात हे डेनिस लो यांनी १९९७ साली दाखविले, आणि त्यावरून रक्ताची चाचणी निघाली. ती चाळणी आहे. पक्के निदान गर्भजलाच्या किंवा वारेच्या तपासणीनेच होते, आणि हा भेद न सांगणे म्हणजे अर्धवट सांगणे होय. गर्भतपासणीवर नियंत्रण आणणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला, केंद्राने १९९४ साली. तपासणीपूर्वी स्त्रीला समजणाऱ्या भाषेत तिची लेखी संमती घ्यावी, असे केंद्राचा कायदा म्हणतो. मग निकालही तिला समजणाऱ्या भाषेतच का नसावा? 'ट्रायसोमी २१' हे अक्षर कागदावर ठीक; त्याचा अर्थ मात्र मराठीत, सावकाश आणि दोनदा सांगावा.

शेवटी एकच मुद्दा. यातल्या जवळजवळ निम्म्या मुलांना हृदयाचा दोष असतो. त्याची तपासणी वेळेवर झाली तर बहुधा शस्त्रक्रियेने तो सुधारता येतो. प्रगत देशांत या व्यक्तींचे आयुर्मान आज साठीच्या घरात पोहोचले आहे. म्हणून १९४९ साली जे सांगणे प्रामाणिकपणाचे होते, तेच आज सांगणे असत्य आहे. नाव बदलले, कारण कळले, आयुष्य वाढले. मागे राहिली असेल तर ती सांगणाऱ्याची जीभ. आपल्या कुटुंबात कोणी डॉक्टर, परिचारिका किंवा वैद्यकाचा विद्यार्थी असेल, तर त्यांच्या कानांवर एवढे अवश्य घाला. मायबाप त्या दिवशीचे बहुतेक सारे विसरतात, पण पहिले वाक्य जन्मभर विसरत नाहीत.