अंधारांतून वीज पुन्हां उभी करतांना

९ नोव्हेंबर १९६५ रोजीं सायंकाळीं ५ वाजून १६ मिनिटांनीं कॅनडांतील नायगारा नदीकांठच्या सर ॲडम बेक विद्युत्केंद्रांत एका रिलेनें टोरोंटोकडे जाणाऱ्या पांच वाहिन्यांपैकीं एक तोडली. प्रमाणाबाहेर भार येतांच वाहिनी बंद करावी, एवढेंच या रखवालदाराचें काम. परंतु १९६३ सालीं ठरविलेली त्याची मर्यादा वाहिनीच्या खऱ्या शक्तीहून बरीच कमी होती. वाहिनी निर्दोष होती! तिचा बोजा पडून उरलेल्या चारही तुटल्या, वीज उलटून अमेरिकेच्या जाळ्यांत लोटली, आणि कांहीं मिनिटांतच न्यूयॉर्कसह सुमारें ३ कोटी लोक अंधारांत सांपडले.

वीज परत येण्यास कांहीं ठिकाणीं १३ तास लागले. वाफेवरील केंद्रास आरंभीं स्वतःलाच वीज लागते; बाष्पकांत पाणी ढकलणारे पंप, भट्टीस वारा घालणारे पंखे, सारे विजेवरच चालतात. दिव्यानें दिवा लावावा हें खरें, पण पहिला दिवा आणावयाचा कोठून? न्यूयॉर्कच्या रेव्हन्सवुड केंद्रांत वंगणाचे पंप बंद पडल्यानें फिरत्या प्रचंड यंत्राचीं बेअरिंगें खराब झालीं. शेजारच्या चालू जाळ्यांतून वीज घेऊन शहराचा एकेक भाग जोडावा लागला. सगळा भार एकदम टाकल्यास नुकतें सावरलेलें यंत्र पुन्हां कोसळतें. मूळ दोष कोठें, हें मात्र त्या रात्रीं कोणासच ठाऊक नव्हतें; तो रिले सांपडण्यास कांहीं दिवस गेले.

पुढें अनेक केंद्रांत लहान गॅस टर्बाइनें बसविण्यांत आलीं. बाहेर सर्वत्र अंधार असतांही तीं बॅटरीच्या वा डीझेल एंजिनाच्या बळावर सुरू होतात.