विणकराचें नांव

पोथीस जशी पुष्पिका असते, तशी वस्त्रास नसते. म्हणून त्याचा कर्ता लवकर विस्मृत होतो. या दृष्टीनें इ. स. १८६६ मधील एका संग्रहाकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

पूर्वी मुंबई लष्कराच्या वैद्यकीय खात्यांत असलेले डॉ. जॉन फॉर्ब्ज वॉटसन यांनीं लंडन येथें हिंदी वस्त्रांचे तुकडे कापून ७०० नमुन्यांचे १८ खंड सिद्ध केले. असे २० संच झाले; १३ ब्रिटनसाठीं, ७ हिंदुस्थानासाठीं. हिंदी गिऱ्हाइकास काय रुचतें हें विलायती कारखानदारांस कळावें, हा हेतु ग्रंथकर्त्यानें लपविलेला नाहीं. तुकड्यांखालीं लांबी, रुंदी व वजन यांची नोंद आढळते. विणणाराचें नांव मात्र नाहीं.

ही केवळ कालाची रूढि म्हणावी, तर इंग्लंडांत १७८७ च्या कायद्यानेंच कापडावर छापावयाच्या नव्या नक्षीस दोन महिन्यांचें संरक्षण दिलें होतें, व १८४२ त तें वाढविलें. म्हणजे नक्षीस धनी असतो, हें तत्त्व ज्ञात होतें. परंपरागत नक्षीचा एकच धनी दाखवितां येत नाहीं, हा आक्षेप रास्त आहे. पण म्हणून ती बेवारशी ठरत नाहीं.

भारताचा भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ त झाला व २००३ त अमलांत आला. पैठणीस त्याचा आधार लाभला आहे. तथापि तो स्थळाचें नांव राखतो, व्यक्तीचें नव्हे. तें कार्य संग्राहकांचें होय. वस्त्र मिळवितांना विणकराचें नांव, गांव व काल अवश्य टिपावा, इतकीच आमची विनंती.