कायद्याबाहेरचा नायक आणि वाचकाची आवड : 'फकिरा' व जपानी याकुझा-प्रेमकथा

प्रस्तावना :
कायद्याने गुन्हेगार ठरविलेल्या पुरुषाविषयी वाचकाला जिव्हाळा का वाटावा, हा साहित्याच्या सामाजिक इतिहासातील जुना प्रश्न आहे. सातारा-सांगली परिसरात त्याचे ठळक उदाहरण म्हणजे अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' (१९५९) ही कादंबरी होय. जपानमध्ये याकुझा, म्हणजे संघटित गुन्हेगारी टोळ्यांतील पुरुषांच्या परस्परप्रेमावरील 'बॉईज लव्ह' चित्रकथांनाही निष्ठावान वाचकवर्ग लाभला आहे. प्रस्तुत निबंधात या दोन्ही वाचनानंदांचा तौलनिक विचार केला आहे.

वारणा खोऱ्यातील नायक :
अण्णा भाऊंचा जन्म १९२० साली वाळवा तालुक्यातील वाटेगाव येथे झाला. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा झाला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. कादंबरीतील फकिरा दुष्काळात धान्य लुटतो ते उपाशी माणसे जगविण्यासाठी. गावातील विष्णुपंत कुलकर्णी त्याच्या पाठीशी उभे राहतात. सरकार त्याच्या माणसांना ओलीस धरते, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी तो स्वतः हजर होतो. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जातिजमातींवर जन्मतःच संशयाचा शिक्का मारला होता. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. त्यानंतर अवघ्या सात वर्षांनी आलेल्या या कादंबरीत वाचकाने लुटीपेक्षा शब्दाला जागणारा माणूस पाहिला. १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला.

हा परिसर दरोडेखोरीविषयी भाबडा होता, असे मात्र नव्हे. १९४३ ते १९४६ या काळात येथील प्रतिसरकारने रयतेस लुटणाऱ्या दरोडेखोरांना कठोर शिक्षा केल्या. लोकांपुढे दरोडेखोर आणि बंडखोर यांतील भेद स्पष्ट होता.

याकुझा-प्रेमकथा :
जपानमध्ये १९६० च्या दशकातील चित्रपटांनी कर्तव्य आणि माया यांच्या ओढाताणीत सापडलेला याकुझा लोकप्रिय केला. १९७० च्या दशकात स्त्री-चित्रकथाकारांनी किशोरांच्या प्रेमकथा रंगविल्या व त्यातून पुढे 'बॉईज लव्ह' हा प्रकार घडला. या दोन धारा काझुमा कोदाका यांच्या १९९२ मध्ये सुरू झालेल्या 'किझुना'मध्ये एकत्र आलेल्या दिसतात. को योनेदा यांच्या २०११ पासूनच्या 'साएझुरु तोरि वा हाबाताकानाई' या मालिकेत टोळीचा म्होरक्या व त्याचा अंगरक्षक असलेला माजी पोलीस यांचे नाते रंगविले आहे.

या कथांचा वाचकवर्ग प्रामुख्याने स्त्रियांचा आहे. ज्या जगात भावना दाखविणे म्हणजे दुबळेपणा, तेथे कठोर पुरुषाचे मन हळूहळू उघडत जाणे, हा या वाचनातील मुख्य आनंद होय. म्होरक्याची आज्ञा आणि प्रेमाची ओढ यांतील संघर्षामुळे प्रत्येक लहान कृतीला वजन येते. शिवाय नायिका नसल्याने स्त्रीवर लादल्या जाणाऱ्या विवाह-मातृत्वाच्या अपेक्षांतून वाचिका काही काळ मुक्त होते. दोहोंपैकी कोणाच्याही नजरेने ती कथा पाहू शकते.

साम्य व भेद :
दोन्हीकडे आकर्षण हिंसेचे नसून निष्ठेचे आहे. तथापि निष्ठेचा आधार भिन्न आहे. याकुझा शपथ घेऊन टोळीत शिरतो. फकिराच्या माथी गुन्हेगारीचा शिक्का जन्माने येतो. म्हणून तेथे वाचक दोन जीवांच्या खाजगी जवळिकीत रमतो, तर येथे सबंध समूहाचा हिरावलेला मान परत मिळाल्याचे समाधान पावतो. याकुझा-प्रेमकथेत टोळीच्या खंडणीचे व धाकाचे बळी बहुधा चौकटीबाहेर राहतात. 'फकिरा'त उपाशी माणूसच कथेच्या मध्यभागी आहे.

निष्कर्ष :
अशा साहित्यास 'गुन्हेगारीचे उदात्तीकरण' म्हणून सरसकट बाजूला सारणे योग्य ठरणार नाही. त्याचप्रमाणे केवळ लोकप्रियतेमुळे ते निर्दोषही ठरत नाही. नायक कोणासाठी शब्द पाळतो व त्या शब्दाची किंमत कोण चुकविते, हे दोन प्रश्न अध्यापकाने वर्गात उपस्थित केल्यास विद्यार्थ्याची आवड न दुखविता त्याचा विवेक जागृत करता येईल.